ऐतिहासिक डावपेचांच्या खेळांत धनिकांचा दानधर्म कसा दाखवावा?

सारीपाट
आम्ही काही मित्र शनिवारी दादरला जमून एकोणिसाव्या शतकातल्या मुंबईवर एक पटावरचा खेळ रचत आहोत. गोदी, गिरण्या, रेल्वे आणि कापसाचा बाजार हे सारे बऱ्यापैकी जमले आहे. गाडी अडली आहे ती शेठ लोकांच्या दानधर्मापाशी. संगणकावरच्या खेळांतून काही उचलता येईल म्हणून धुंडाळले, पण जे हाती लागले त्याने समाधान झाले नाही.

‘सिव्हिलायझेशन ६’ च्या २०१९ मधल्या ‘गॅदरिंग स्टॉर्म’ या विस्तारात एखाद्या देशावर पुरासारखे संकट कोसळले की मदतीची चक्क स्पर्धा लागते, आणि जो अधिक सोने पाठवील त्याच्या पदरात राजनैतिक विजयाकडे नेणारे गुण पडतात. ‘क्रुसेडर किंग्ज ३’ मध्ये उदार आणि लोभी असे परस्परविरोधी स्वभाव आहेत. लोभी माणसाला हातचा पैसा सोडावा लागला की त्याच्या मनावरचा ताण वाढतो, ही कल्पना मला फार आवडते, परंतु तेथेही देणारा राजा किंवा सरदारच असतो. ‘व्हिक्टोरिया ३’ चा काळ १८३६ ते १९३६, म्हणजे आमच्या कामाचा. त्यात धर्मादाय आरोग्यव्यवस्थेचा एक कायदा आहे आणि तो लागू केला की धर्मगुरूंच्या गटाचे वजन वाढते. मात्र त्या व्यवस्थेचा भार सरकारी नोकरशाहीवरच पडतो, म्हणजे दवाखाना धर्मादाय आणि दाता कोणीच नाही. भांडवलदारांचा नफा गुंतवणुकीच्या सामाईक निधीत जातो, त्यातून नव्या गिरण्या आणि खाणी उभ्या राहतात. त्यातले चार पैसे इस्पितळासाठी बाजूला काढावेत असे त्या निधीतल्या एकाही शेठजीला कधी वाटत नाही.

थोडक्यात, या खेळांत दान म्हणजे राजाने केलेली खरेदी आहे: सोने मोजा, पुण्य किंवा प्रतिष्ठा घ्या. मुंबईत देणारा प्रजेतला होता आणि घेणारे सरकार होते. हे उलटे नाते पटावर कसे आणावे, यावर जाणकारांनी लिहावे.

खाडीपलीकडे
तुमच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर माहीम आणि वांद्रे यांच्यामधल्या खाडीतच आहे. १८४५ पूर्वी साष्टीतून मुंबईत यायचे तर तेथे नावेत बसावे लागे, आणि पावसाळ्यात त्या दलदलीत नावा उलटून माणसे बुडत. रस्ता बांधावा ही मागणी जुनी होती. सरकारकडे त्यासाठी पैसा नव्हता, निदान सोडायची तयारी नव्हती. अखेर जमशेटजी जीजीभाई यांच्या पत्नी आवाबाई यांनी दीड लाख रुपयांहून अधिक रक्कम दिली आणि रस्ता झाला. मला यातला महत्त्वाचा भाग रकमेचा वाटत नाही. त्यांनी अट घातली होती की या रस्त्यावर सरकारने जकात घेऊ नये.

ही अट खेळात आणून पाहा. शेठ दान देतो म्हणजे पटावर एक प्रस्ताव ठेवतो, आणि त्या प्रस्तावाला एक शेपूट असते: जकात नको, नाव माझ्या घराण्याचे, विश्वस्त आमच्यातले दोन, अमुक जातीला प्रवेश, तमुक तारखेच्या आत बांधकाम. गव्हर्नरच्या जागी बसलेल्या खेळाडूने मोफत रस्ता घेऊन पुढच्या प्रत्येक वर्षीच्या जकातीवर पाणी सोडायचे की नाही, हा हिशेब त्याच्यावर सोडावा. एरवी सोने मोजून प्रतिष्ठा घेण्यात डावपेच कसला? सर्वांत स्वस्त प्रतिष्ठा कोठे मिळते एवढेच तर शोधायचे असते.

जमाखर्च
खाडीपलीकडे यांच्याशी सहमत आहे, पण शेपटाबरोबर मूळही पाहावे. जमशेटजींचा पैसा चीनच्या व्यापारातून आला, आणि त्या व्यापारात कापूस होता तशीच अफू होती. कँटनमध्ये त्यांचे संबंध जार्डिन मॅथेसन कंपनीशी होते. माळव्याची अफू मुंबई बंदरातून जाऊ लागली तेव्हा कंपनी सरकारही तिच्यावर कर घेत होते, त्यामुळे देणारा आणि घेणारा या दोघांचेही हात त्याच पाण्यात होते. याच पैशातून जे. जे. रुग्णालय उभे राहिले, ज्यासाठी जमशेटजींनी एक लाख रुपये देऊ केले आणि सरकारला आपला वाटा घालायला लावले. ते १८४५ मध्ये सुरू झाले. १८४२ मध्ये त्यांना नाइट हा किताब मिळाला होता आणि १८५७ मध्ये, म्हणजे उत्तरेत बंड पेटलेले असताना, ते पहिले भारतीय बॅरोनेट झाले. त्याच वर्षी त्यांच्याच देणगीतून कलाशाळा निघाली.

प्रश्न असा की तुमच्या खेळात अफू विकून दवाखाना बांधणे हा सर्वांत फायदेशीर मार्ग ठरला, तर तो दोष मानायचा की इतिहास?

सारीपाट
इतिहास मानायचा, असे माझे मत आहे. फक्त खेळाडूच्या नजरेआड तो होता कामा नये. प्रत्येक देणगीच्या पत्त्यावर पैसा कोणत्या व्यापारातून आला याचा एक रकाना ठेवता येईल. सुरुवातीला त्या रकान्याचा काहीच परिणाम नसेल, कारण १८४५ मध्ये मुंबईत तो प्रश्न फारसे कोणी विचारत नव्हते. पुढे वर्तमानपत्रे आणि संस्था वाढतील तसतसे त्याला वजन यावे.

रमणा
हा प्रकार मुंबईपुरता नाही, म्हणून थोडे बाहेरचे लिहितो. आउग्सबुर्ग येथे याकोब फुगर या सावकाराने गरिबांसाठी वस्ती बांधली, तिची सनद १५२१ ची आहे. आजही तेथे वर्षाचे भाडे एका युरोहून कमी आहे, आणि रहिवाशांनी दात्याच्या कुटुंबासाठी रोज प्रार्थना करावी ही अट कायम आहे. व्याज घेणे पाप मानणाऱ्या समाजात राहणाऱ्या सावकाराने आत्म्यासाठी करून ठेवलेली ती तरतूद होती. पाचशे वर्षे ती चालू आहे याचा अर्थ मुद्दल नीट गुंतवले गेले.

अथेन्समध्ये याहून गमतीचा नियम होता. युद्धनौका सज्ज ठेवणे, नाट्योत्सवासाठी गायकवृंद उभा करणे हे खर्च श्रीमंतांवर पाळीपाळीने येत. ज्याच्यावर पाळी आली त्याला वाटले की शेजारी आपल्याहून श्रीमंत आहे, तर तो त्याला आव्हान देऊ शकत असे: हा खर्च तू उचल, नाहीतर आपण दोघे आपली मालमत्ता अदलाबदल करू. पटावरच्या खेळासाठी याहून तयार नियम कोठे मिळणार?

आपल्याकडचा राजाश्रयाचा प्रकार मात्र वेगळा हाताळावा. अहिल्याबाई होळकरांनी काशी, गया आणि इतर ठिकाणी जे बांधले त्याचा खर्च खासगीतून होत असे. दौलतीचा खजिना निराळा. बहुतेक खेळांत राजाची थैली आणि राज्याचा खजिना एकच असल्यामुळे हा फरकच नाहीसा होतो, आणि मग राजाने देऊळ बांधले की सैन्याचा पगार थकतो. पेशव्यांच्या काळी श्रावणात पुण्याला वाटली जाणारी दक्षिणा तर सरळ राज्याचाच खर्च होता. इंग्रजांनी ती एकदम बंद केली नाही. तिचा काही भाग वळवून १८२१ मध्ये पुण्यात संस्कृत पाठशाळा काढली, आणि पुढे १८५० च्या सुमारास तोच पैसा मराठी ग्रंथांच्या बक्षिसांकडे वळवण्याची मागणी झाली तेव्हा पुण्यात दोन तट पडले. एकदा सुरू झालेल्या दानावर घेणाऱ्यांचा हक्क बसतो आणि ते वळवायला गेले की गलका होतो. हे मी अद्याप कोणत्याही खेळात पाहिलेले नाही.

ओवरी
आतापर्यंत बोलणे देणाऱ्याचे आणि सरकारचे चालले आहे. घेणारा कोण, हे पटावर कोठे आहे? रमणा यांच्या शेवटच्या परिच्छेदात तो दिसला, तेवढाच.

मुंबईतल्या दानाची यादी काढली तर प्रत्येक वस्तूवर ती कोणासाठी याची अदृश्य पाटी आढळते. १८३२ मध्ये भटकी कुत्री मारण्यावरून फोर्टात दंगल झाली, त्यानंतर १८३४ मध्ये पांजरपोळ निघाला. त्याचे लाभार्थी मुकी जनावरे. १८४९ ची पारशी बेनेव्हलंट इन्स्टिट्यूशन पारशी मुलांसाठी. जे. जे. रुग्णालय सर्वांसाठी. जमशेटजींच्या एकाच घराण्याच्या तीन देणग्या आणि तीन निरनिराळी वर्तुळे. यांना एकाच प्रकारचे गुण दिलेत तर खेळातले अर्धे राजकारण बाद झाले.

पाणवठ्याचे उदाहरण त्याहून टोचणारे आहे. १९२३ मध्ये मुंबई कायदे कौन्सिलात सी. के. बोले यांचा ठराव मंजूर झाला, त्यानुसार सार्वजनिक पैशातून बांधलेल्या किंवा चालवलेल्या विहिरी, पाणवठे, धर्मशाळा अस्पृश्य मानल्या गेलेल्यांना खुल्या व्हायच्या होत्या. महाडचा १९२७ चा सत्याग्रह त्याच ठरावाच्या आधारावर उभा होता. ठरावाचे शब्द ‘सार्वजनिक पैशातून’ असे आहेत. एखाद्या शेठजीने स्वतःच्या पैशाने बांधून स्वतःच्या विश्वस्तांकडे ठेवलेली विहीर त्या शब्दांच्या बाहेर राहते. सरकारने बांधले असते तर ज्यावर हक्क सांगता आला असता, ते खासगी दानातून झाल्यामुळे कृपेवर राहिले. म्हणून माझी सूचना अशी की खासगी दानातून झालेल्या प्रत्येक इमारतीने सरकारचा पैसा वाचवावाच, परंतु त्याबरोबर ‘हक्क’ नावाच्या एका मोजपट्टीवर शहराला मागे खेचावे.

जमाखर्च
‘हक्क’ ची मोजपट्टी मला पटते, तरी एक शंका आहे. मागे खेचावे म्हणता, पण तुलना कशाशी? जेथे सरकार बांधणारच नव्हते तेथे दानाने हक्क हिरावला असे म्हणता येत नाही. माहीमचा रस्ता शेठाणीने बांधला नसता तर नावाच राहिल्या असत्या.

ओवरी
सरकार बांधणारच नव्हते, हे गृहीत कशावरून? दाता दारात उभा आहे हे दिसल्यावर कोणते सरकार तिजोरी उघडेल? तुमच्याच प्रतिसादात आहे की जे. जे. च्या वेळी देणगीने सरकारला वाटा घालायला लावले. म्हणजे दान कधी सरकारला ओढते आणि कधी झोपवते. हे दोन्ही नियमात हवे, आणि यावेळी कोणते घडेल हे खेळाडूला आधी कळू नये.

काळबादेवी
मी कापडबाजारात वाढलो, त्यामुळे मला या चर्चेत वर्गणीच्या यादीची उणीव जाणवते. मुंबईत एकट्याने दिलेली मोठी दाने लक्षात राहिली, पण कितीतरी कामे वर्गणीने झाली, आणि वर्गणीचे शास्त्र वेगळे असते. पहिला आकडा कोण लिहितो यावर सगळी यादी ठरते. गणपती मंडळाच्या देणगीफलकावर वरचे नाव पाच हजारांचे असेल तर खालचा दुकानदार पाचशे द्यायला लाजतो, आणि वरचे नाव पाचशेचे असेल तर पाच हजार द्यायला निघालेला माणूसही खिशातला हात आवरतो. टाउन हॉलच्या सभेत बसलेले शेठ काही निराळ्या मातीचे नव्हते. पटावर याचा नियम सोपा आहे: सर्व खेळाडूंनी आकडा गुपचूप न लिहिता बसल्या क्रमाने मोठ्याने सांगायचा. प्रथम बोलणाऱ्यास मान अधिक, धोकाही अधिक. रमणा यांचे अथेन्सचे आव्हान येथे छान जोडता येईल, कारण यादीत कमी आकडा घालणाऱ्याला शेजाऱ्याने ‘वह्या उघड’ म्हणावे, ही भीती प्रत्येक पेढीला असते.

पटकथा
‘सीझर ३’ हा १९९८ चा खेळ कोणी खेळला आहे काय? त्यात सुभेदाराला स्वतःचा पगार असतो. साठलेले पैसे शहराच्या तिजोरीत घालता येतात किंवा सम्राटाला नजराणा म्हणून पाठवता येतात. खासगी थैली आणि सरकारी तिजोरी वेगळी, हे त्यात पंचवीसेक वर्षांपूर्वीच होते. त्याच शहरातले हवेल्यांत राहणारे धनिक मात्र कामही करत नाहीत आणि कर देण्यापलीकडे दमडीही सोडत नाहीत. खऱ्या रोमन शहरांतली स्नानगृहे नि ग्रंथालये तर अशाच लोकांनी बांधून दिली. रोमन लेखक प्लिनीने आपल्या कोमो गावाला ग्रंथालय दिले होते.

खाडीपलीकडे
एक गोष्ट अजून कोणी काढली नाही, ती देखभालीची. कावसजी जहांगीर रेडीमनी यांनी शहरात चाळीसेक पाणपोया बांधून दिल्या. मशीद बंदरच्या भात बाजारात केशवजी नायक यांची १८७६ ची पाणपोई आहे, कोरीव दगडाची, घुमटाची. दगड दात्याचा, परंतु नळाचे पाणी शहराचे, कारण विहारच्या तलावाचे पाणी १८६० मध्ये आल्यावरच अशा पाणपोयांना नळ जोडता आले. गवंडीकाम एकदाच होते, पाणी रोज लागते. आज जुन्या मुंबईतून हिंडताना अशा कित्येक पाणपोया कोरड्या दिसतात: तोटी गेलेली, हौदात कचरा, बाजूला स्कूटर लावलेली आणि वर संगमरवरी पाटीवर दात्याच्या आईचे किंवा वडिलांचे नाव अजून स्वच्छ वाचता येते.

म्हणून नियम असा असावा की दान बांधकामाचा खर्च भागवते, चालवण्याचा नाही, जोवर दात्याने वेगळे मुद्दल बांधून दिलेले नाही. मुद्दल बांधले तर इमारत स्वस्तातली होईल, पाटी लहान होईल, आणि प्रतिष्ठा कमी मिळेल. बघा किती खेळाडू मुद्दल बांधतात. नाना शंकरशेटांच्या नावाची संस्कृतची शिष्यवृत्ती आजही शालान्त परीक्षेनंतर चर्चेत असते, ती मुद्दलाची करामत. तिला घुमट नाही.

काळबादेवी
आणि प्रेमचंद रायचंद? त्यांच्याशिवाय मुंबईचा खेळ कसा पुरा होईल?

सारीपाट
त्यांच्यासाठीच तर १८६१ ते १८६५ हा भाग आम्ही सर्वांत आधी रचला. अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तेथला कापूस इंग्लंडमधल्या लँकेशायरच्या गिरण्यांना मिळेनासा झाला, मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला आणि त्या पैशातून बँका व समुद्रात भराव घालणाऱ्या कंपन्यांचे शेअर फुगले. प्रेमचंद त्या सट्ट्याच्या केंद्रस्थानी होते. तेजी असतानाच त्यांनी विद्यापीठाला ग्रंथालयासाठी दोन लाख आणि मनोऱ्यासाठी दोन लाख रुपये दिले. मनोऱ्याला आईचे, राजाबाईचे, नाव द्यावे ही इच्छा. १८६५ मध्ये युद्ध संपले, भाव कोसळले, पेढ्या बुडाल्या, खुद्द प्रेमचंदही बुडाले, आणि त्यानंतर चार वर्षांनी, १८६९ मध्ये, मनोऱ्याचा पाया घातला गेला.

हा क्रम मला पटावर फार मोलाचा वाटतो. आमच्या पहिल्या मसुद्यात दान हा शुद्ध खर्च होता आणि अनुभवी खेळाडू तो अखेरच्या फेरीपर्यंत टाळत असत. आता मंदीचा पत्ता उलटला की हातातले शेअर, रोकड आणि निम्मी जमीन जाते, पण विश्वस्तांच्या हाती दिलेली रक्कम सुरक्षित राहते. त्यामुळे तेजीत दान करणे हा एकाच वेळी उदारपणाही ठरतो आणि पैसा धनकोंच्या हाताबाहेर ठेवण्याचा मार्गही. दोन्ही हेतू एकाच पत्त्यावर असल्यामुळे समोरचा खेळाडू कोणत्या हेतूने देत आहे हे कोणालाच सांगता येत नाही.

जमाखर्च
हे उत्तम आहे, मात्र एक पळवाट बंद करा. विश्वस्तांमध्ये शेठजींचा मुलगाच बसला तर दान म्हणजे घरातली तिजोरी दुसऱ्या नावाने. उस्मानी साम्राज्यात घराण्याच्या नावे वक्फ करून सुलतानाच्या जप्तीपासून मालमत्ता वाचवण्याची रीत होती. तुमचे हुशार खेळाडू दुसऱ्या डावातच ती शोधून काढतील.

सारीपाट
बंद करणार नाही. पळवाट उघडी ठेवून तिची किंमत लावू: घरचे विश्वस्त नेमले तर मंदीत रक्कम वाचेल, पण ओवरी यांच्या ‘हक्क’ पट्टीवर शहर दोन घरे मागे जाईल आणि त्या इमारतीला सरकारी वाटा मिळणार नाही. त्याबरोबर खाडीपलीकडे यांचे अटींचे शेपूट, मुद्दलाचा नियम आणि काळबादेवी यांची मोठ्याने सांगायची वर्गणी एवढे पुढच्या शनिवारी घेऊन बसतो. अथेन्सचे आव्हान सध्या बाजूला ठेवले आहे, कारण त्याने एकच फेरी तासभर चालेल अशी धास्ती वाटते.

ओवरी
सरकार ओढले जाईल की झोपेल, त्याचे काय ठरले?

सारीपाट
प्रत्येक देणगीनंतर गव्हर्नरने एक पत्ता उचलायचा. गठ्ठ्यात दोन्ही प्रकारचे पत्ते सारखे नसतील. आधीच्या फेरीत शहरात सभा, अर्ज, वर्तमानपत्रे यांचे पत्ते जितके खेळले गेले असतील तितके ‘वाटा घालतो’ चे पत्ते वाढतील. म्हणजे दात्याच्या पैशाला सरकारचा पैसा जोडायचा की नाही, हे ठरवणे काही अंशी तुमच्या घेणाऱ्यांच्या हाती आले.

ओवरी
चालेल. मग घेणाऱ्यांच्या बाजूने एक खेळाडू बसवा. तो पत्ता गव्हर्नरच्या विरुद्ध बसलेल्याने गठ्ठ्यात घालायला हवा.

पटकथा
खेळ संपतो कोणत्या वर्षी? १८६५ ला थांबवलात तर मंदीनंतर टिकलेले काहीच दिसणार नाही.

सारीपाट
१८७८. त्या वर्षी राजाबाई मनोरा पुरा झाला. तोवर ज्याच्या पाणपोईला पाणी असेल त्याचे गुण शेवटी मोजायचे.